दुधाच्या खाड्यांशेजारी बाळाची वेळ लिहा

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आजच एक काम करा. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या ज्या चौकोनात तुम्ही दुधाचे खाडे लिहिता, त्याच चौकोनात यापुढे आणखी एक नोंद करा. बाळाला आईचं सोडून दुसरं कुठलंही दूध, किंवा दुधाचं काहीही पहिल्या काही वेळा दिलं, तर ते किती वाजता दिलं याची. 'सकाळी १०.२०, गाईचं दूध, दोन चमचे.' एवढंच. अक्षर कसंही चालेल. पेन मात्र कॅलेंडरलाच दोऱ्याने बांधून ठेवा, कारण लिहायची वेळ आली की आपल्या घरांत पेन सापडत नाही.

आणि दूध दिल्यापासून चार तासांच्या आत बाळाला एकामागून एक उलट्या सुरू झाल्या, बाळ पांढरं फटक पडलं, हातपाय गार लागले, हाक मारली तरी डोळे नीट उघडेना, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं रुग्णालय गाठा. तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, 'अमुक वाजता दूध दिलं होतं, अमुक वाजता पहिली उलटी झाली.' बाकीचं सगळं नंतर.

मी तालुक्याच्या गावात लहान मुलांची डॉक्टर आहे. हे शहाणपण मला पुस्तकातून आलं असं सांगायला आवडलं असतं. पुस्तकात ते होतंच, मी वाचलंही होतं. पण डोळ्यांसमोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही. ओळखलं एका आजीने, टीव्हीवरच्या मालिकांच्या हिशोबाने.

मुलगी पाच महिन्यांची. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं म्हणून पाचव्यातच उरकलेलं. (सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, हे मी प्रत्येक आईला सांगते. पण पंचांगापुढे माझं किती चालणार?) साडेअकराच्या सुमारास मामाने चांदीच्या वाटीतली दुधाची खीर सोन्याच्या अंगठीने चाटवली, मग हौसेने पाच-सहा चमचे भरवली. मुलीने मिटक्या मारत खाल्ली. फोटो झाले, पंगत उठली. पावणेदोनच्या सुमारास मुलीने पहिली उलटी केली. मग दुसरी, मग तिसरी. पोट रिकामं झालं तरी उमाळे थांबेनात. दहाएक उलट्यांनंतर पोर निपचित पडली. घरात आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली गेली, मग मामाच्या हाताला बोल लागला, मग कुणीतरी रिक्षा आणली.

माझ्याकडे आली तेव्हा तिची टाळू खोल गेली होती, नाडी धावत होती, अंग गार होतं. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. मी निदान लिहिलं, रक्तात जंतुसंसर्ग. सलाईन चालू केलं, दोन अँटिबायोटिक चालू केली. संध्याकाळपर्यंत मुलगी आईकडे बघून हसायला लागली. मला वाटलं, औषध लागू पडलं. पाच दिवस तिच्या चिमुकल्या हाताला सुया टोचून घरी पाठवलं. खिरीबद्दल मी विचारलंही नाही.

अठरा दिवसांनी तीच मुलगी तशीच पुन्हा आली. आजारपणात वाळली म्हणून घरच्यांनी ताकदीसाठी बोंडल्याने चार चमचे गाईचं दूध पाजलं होतं. तेही मला नंतर कळलं. या खेपेला मी तिच्या पाठीतलं पाणी काढून मेंदूज्वराची तपासणी केली. ती स्वच्छ निघाली. तिसऱ्या दिवशी आजी दाराशी उभी राहून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, एक सांगू का? दूध पाजून बोंडलं धुतलं तेव्हा माझी दुपारची पहिली मालिका लागत होती. पाचवी लागली आणि पोरीने ओकायला सुरुवात केली. उष्टावणालाही तसंच. पंगत उठून भांडी घासून झाली तेव्हा. दोन्ही वेळा पोटात दूध, आणि दोन्ही वेळा मधे एवढा वेळ."

अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार मालिका. दोन तास. मी खुर्चीत बसले होते म्हणून बरं.

या दुखण्याला वैद्यकात लांबलचक नाव आहे, त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून डॉक्टर मंडळी 'एफपाईज' म्हणतात. अन्नातल्या प्रथिनामुळे बाळाच्या आतड्याचा होणारा भडका, असं त्याला म्हणता येईल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ जेराल्डीन पॉवेल यांनी १९७८ मध्ये ते ओळखायचे निकष मांडले. निदान आणि उपचार कसे करावेत याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांची एकमताने ठरलेली सूत्रं मात्र २०१७ मध्ये आली. मधल्या चाळीस वर्षांत माझ्यासारख्या किती डॉक्टरांनी किती बाळांच्या पाठीत सुया घातल्या असतील, याचा हिशोब कुणाकडे नाही.

ॲलर्जी म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं. खाल्लं, आणि लगेच अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास घुसमटला. तीही ॲलर्जी खरीच, आणि जीवघेणी. रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं ती घडवून आणतात. ती बहुधा काही मिनिटांत दिसते, फार तर दोनेक तासांत. पण दुधाच्या ॲलर्जीचं दुसरं घराणं आहे. तिथे आयजीईचा संबंध नसतो. आतड्याच्या अस्तरातल्या प्रतिकार पेशी दुधातल्या प्रथिनाला शत्रू समजतात आणि सावकाश तयारी करून तुटून पडतात. म्हणून उलट्या एक ते चार तासांनी, बहुतेकदा दोनच्या आसपास. जुलाब झालेच तर आणखी उशिरा, पाच ते दहा तासांनी. अंगावर पुरळ नाही, ओठाला सूज नाही, खोकला नाही. तापही बहुधा नाही, उलट अंग गार. आतड्यात पाणी झिरपत जातं आणि रक्ताभिसरणातलं पाणी कमी पडतं. अशा झटक्यात सुमारे शंभरातल्या पंधरा बाळांचा रक्तदाब घसरतो. धोका आहे तो तिथे.

आता बघा, हे चकवतं कसं. दूध दिलेला माणूस कामाला निघून गेलेला असतो. उलटी होते तेव्हा बाळ दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर असतं, आणि त्या मांडीला नुकतंच काय झालं तेवढंच आठवतं. पाहुणी येऊन गेली. उन्हातून आणलं. दात येताहेत. आणि बरं होण्यातही चकवा आहे. पोटातलं दूध संपलं की झटका आपोआप ओसरतो. सलाईनने तर बाळ काही तासांत टवटवीत होतं. त्यामुळे मोहऱ्यांना, ओव्याच्या अर्काला, तावीजाला आणि माझ्या अँटिबायोटिकला, सगळ्यांना फुकटचं श्रेय मिळतं. पुढच्या वेळी दूध पुन्हा दिलं जातं.

शिवाय आपल्याला दुधावर संशय येतच नाही. दुधातुपात वाढलेलं पोर म्हणजे भाग्याचं, दूध नासलं तर अपशकुन, देवाला अभिषेक दुधाचा, पहिला घास खिरीचा. विष, भेसळ, बाहेरचं खाणं, हवा, पाणी, सून, शेजारीण, सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर मग कधीतरी आपण दुधाकडे बघतो. तेही 'पिशवीचं होतं म्हणून' असं म्हणत.

पिशवीचा दोष नाही. भेसळीचाही नाही. आपल्या गोठ्यातल्या, डोळ्यांदेखत पिळलेल्या दुधानेही हेच होईल, कारण बाधतं ते दुधातलं अस्सल प्रथिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के पाणीदार निवळीतली प्रथिनं असतात. त्या निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन आईच्या दुधात मुळातच नसतं. बाळाच्या आतड्याला ते परकं असतं.

आता जे सांगते ते आजीबाईंनी जरा जवळ येऊन ऐकावं. गाईचं बाधलं म्हणून म्हशीचं देऊ नका. म्हशीचं बाधलं म्हणून शेळीचं देऊ नका. या तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत की ज्या बाळाचं आतडं एकीला ओळखतं ते दुसरीलाही ओळखतं. शेळीचं दूध हलकं असतं, हा आपला समज पचनाबद्दल असेलही, पण ॲलर्जीला हलकं-जड कळत नाही. देशी गाईच्या 'ए-टू' दुधाचंही तेच. खिल्लार असो, गीर असो, ए-वन आणि ए-टू यांच्यातला फरक बीटा-केसीन या एका प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीचा आहे. बाकी सगळी प्रथिनं तीच. दुप्पट भाव देऊन तोच आजार घरी आणाल. पाणी घालून पातळ केलं, दोनदा उकळलं, सुंठ घातली, तरी फरक पडत नाही. गाढविणीचं दूध चमच्याच्या भावाने विकत दारावर येतात, ते कच्चं दूध कुठल्याच बाळाला देऊ नका. ॲलर्जीचा प्रश्न बाजूला, जंतूंचा प्रश्न पुरेसा आहे.

दुकानात 'लॅक्टोज नसलेली' पावडर मिळते, तिनेही भागणार नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणं हा वेगळा आजार. पावडरीतून साखर काढली तरी प्रथिन तिथेच असतं.

एफपाईज हे या घराण्यातलं सगळ्यात आक्रस्ताळं भावंड. बाकीची भावंडं मवाळ आहेत, आणि जास्त भेटतात. दोन-तीन महिन्यांचं बाळ, अंगावर छान पितंय, वजन वाढतंय, हसतंय, आणि शीमध्ये एक दिवस शेंबडासारखा चिकट भाग आणि रक्ताची तार दिसते. आईच्या काळजाचं पाणी होतं. पण बाळ खुशीत असेल तर हे बहुधा सौम्य असतं. आईने प्यायलेल्या दुधातल्या प्रथिनाचा अंश अंगावरच्या दुधात उतरतो आणि बाळाच्या गुदाशयाला हुळहुळं करतो. तिसरं भावंड कुरतडणारं. रोज वरचं दूध पिणाऱ्या बाळाला आठवडेच्या आठवडे पातळ शी, मधूनमधून उलट्या, वजनाचा काटा हलत नाही, अंगात रक्त नाही. त्याला जंताचं औषध मिळतं, टॉनिक मिळतं, आणि अशक्त आहे म्हणून दूध वाढवलं जातं.

इथे एक सापळा आहे. अशा रोज पिणाऱ्या बाळाचं दूध जुलाबांमुळे आठ-दहा दिवस बंद झालं, बाळ सुधारलं, आणि 'आता बरं आहे' म्हणून पुन्हा वाटीभर दूध पाजलं, की दोन तासांनी तो मोठा झटका येऊ शकतो. आधी कुरकुरत सोसणारं आतडं खंडानंतर एकदम उसळतं. म्हणून दूध बंद केल्यावर ज्या बाळाचे जुलाब जादू झाल्यासारखे थांबले, त्याला घरी परत दूध सुरू करू नका. 'थोडंसं देऊन बघू' हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरात फार प्रिय आहे. ज्या बाळाला एकदा असा झटका येऊन गेलाय त्याच्या बाबतीत ते तोंडातून काढू नका. देऊन बघायचंच, पण रुग्णालयात, सलाईन हाताशी ठेवून, मोजक्या मात्रेने, नंतर चारेक तास नजरेखाली. कधी, ते डॉक्टर ठरवतील. साधारण वर्ष-दीड वर्ष मधे जाऊ देतात.

रक्ताची तपासणी करून सोक्षमोक्ष लावू, असं सुशिक्षित आईबाप म्हणतात. हजारो रुपये मोजून पन्नास पदार्थांची यादी तपासून आणतात. त्यात दूध 'निगेटिव्ह' येतं आणि मंडळी निश्चिंत होऊन दूध देतात. ती तपासणी आयजीईची. ज्या आजारात आयजीई नाहीच, तो तिथे दिसणार कसा? उशिरा उमटणाऱ्या या ॲलर्जीची खूण रक्तात नाही. ती कॅलेंडरच्या चौकोनात आहे. दूध किती वाजता, उलटी किती वाजता, किती वेळा, रंग कोणता.

रंगाचं म्हटलं म्हणून. उलटी हिरवी असेल तर ॲलर्जीचा विचारही करत बसू नका. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ किंवा अडथळा, आणि तिथे लागतो तो शल्यचिकित्सक, तोही ताबडतोब. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळतंय आणि शी लाल जेलीसारखी होतेय, तरीही तेच. ताप असेल तर जंतुसंसर्ग आधी धरायचा. मी त्या मुलीला अँटिबायोटिक दिली याची मला लाज वाटत नाही. गार पडलेल्या बाळाला तेच करायला हवं. लाज वाटते ती पाच दिवसांत एकदाही 'आधी काय खाल्लं होतं' असं न विचारल्याची.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. हा लेख वाचून उद्या दहा आया आपल्या धडधाकट बाळांचं आणि स्वतःचंही दूध बंद करतील, ही मला धास्ती आहे. दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेतलं की बाळ जी गुळणी टाकतं, ती ॲलर्जी नव्हे. संध्याकाळी रडतं, तीही नव्हे. दिवसातून सहा वेळा पिवळी शी करतं, तीही नव्हे. इस्रायलमध्ये १३,०१९ नवजात बाळांवर लक्ष ठेवून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गाईच्या दुधाचा एफपाईज ४४ बाळांना आढळला. म्हणजे हजारात तीन-चार. त्यातली ९० टक्के मुलं तीन वर्षांची होईतो दूध पचवायला लागली होती. उलट इंग्लंडचं उदाहरण बघा. तिथे दुधाच्या ॲलर्जीसाठीच्या खास पावडरीच्या चिठ्ठ्या २००६ ते २०१६ या दहा वर्षांत जवळजवळ सहापट झाल्या. आजार तेवढा वाढल्याचा पुरावा नव्हता. निदान सैल झालं होतं, आणि डॉक्टरांच्या शिक्षणात पावडर कंपन्यांचा हात किती, असा प्रश्न २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने उघडपणे मांडला. आपल्याकडे १९९२ चा कायदा बाळाच्या पावडरीची जाहिरात, मोफत डबे आणि डॉक्टरांना भेटवस्तू या सगळ्यांना बंदी घालतो. तो कायदा आहे हे लक्षात ठेवा. 'तुमचं दूध बाळाला बाधतंय, हा डबा सुरू करा' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आईने अंगावर पाजणं थांबवायचं नाही. मला हे वाक्य तीन वेळा लिहावंसं वाटतंय. एफपाईज झालेली बहुतेक बाळं आईच्या दुधावर मजेत असतात, आई चहा-दही खात असली तरीही. त्या आईला काही सोडावं लागत नाही. बाळाच्या शीत रक्त येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध सोडायचं, बाळ सुधारतंय का बघायचं, आणि मग, हे फार महत्त्वाचं, पुन्हा दूध घेऊन बघायचं. रक्त परत आलं तरच निदान पक्कं. हा दुसरा भाग कुणी करत नाही. दुधाने तोंड पोळलेल्या आया ताक फुंकून पिण्यावर थांबत नाहीत, ताकच सोडतात. मग गहू सोडतात, अंडं सोडतात, शेंगदाणे सोडतात, आणि बाळंतीण वाळते.

दूध सोडायचं म्हणजे चहातलं दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढा, दुधात शिजवलेली अळिवाची खीर, शतावरी कल्पाचा पेला हे सगळं. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, त्यामुळे त्या दोन-चार आठवड्यांपुरते डिंकाचे लाडू तेलात वळा, आकाश कोसळत नाही. बिस्किटाच्या आणि पावाच्या वेष्टनावर दूध पावडर लिहिलेली असते, ती वाचा. आणि त्या काळात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा, शेवग्याचा पाला ताटात वाढवा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. डॉक्टर गोळी देतील ती वेगळी.

पण जिथे अंगावरचं दूध नाहीच, तिथे काय? आई ऊसतोडीला गेली, आई आजारी आहे, आई नाही. अशा घरांना वरचं दूध हाच आधार, आणि तोच बाधतो. भारतातल्या बालजठरविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सूत्रं दिली आहेत. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर आधी, तिनेही भागलं नाही तर अमिनो आम्लांची, सहा महिन्यांनंतर सोयाची चालू शकते. खास पावडर महाग आहे, आणि तालुक्याच्या औषध दुकानात ती मागितली की दुकानदार कपाटाकडे न बघताच 'नाही' म्हणतो. सोयाही काही बाळांना बाधतो, त्यामुळे तोही डॉक्टरांच्या नजरेखालीच.

म्हणून आरोग्य खात्याकडे माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा पावडरीचे मोजके डबे ठेवा, पक्क्या निदानाच्या बाळांना मोफत द्या. ढीग नकोत. ढीग ठेवले की इंग्लंड होईल.

आशाताई, तुम्ही बाळाला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी जाऊन बघता. तेव्हा 'वरचं काही देता का' एवढंच विचारू नका. 'दिल्यावर तास-दोन तासांनी काही झालं होतं का' हेही विचारा. उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर मागच्या कोऱ्या जागेत लिहा. पोषण पुनर्वसन केंद्रातल्या सिस्टर आणि डॉक्टरांना विनंती आहे. एफ-७५ आणि एफ-१०० हे आपले उपचाराचे आहार दुधाचेच आहेत. ते बहुतेक मुलांना तारतात, त्यात वाद नाही. पण एखादं मूल त्याच आहारावर जुलाब करत खंगत असेल, तर संसर्ग शोधून झाल्यावर एकदा वाटीतल्या दुधाकडेही बघा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, गार पडलेलं, ताप नसलेलं, पांढऱ्या पेशी वाढलेलं बाळ आलं की सलाईन लावा, शंका असेल तर अँटिबायोटिकही द्या, आणि सलाईन चालू असताना आईला मागचे चार तास विचारा. मिनिटभर लागतं. निदान झालं की एका कागदावर मराठीत लिहून, शिक्का मारून आईकडे द्या. तो पुढच्या वेळी रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर उपयोगी पडेल.

त्या मुलीला आम्ही मागच्या हिवाळ्यात, दोन वर्षांची झाल्यावर, बोलावलं. मधल्या काळात घरात तिच्यासाठी दूध बंद होतं. मामाने बारशांच्या जेवणावळींत तिच्या ताटावर पहारा दिला होता, त्याच्यावरचा जुना आरोप पुसण्यासाठी असेल. सकाळी नऊला हाताला सुई लावून ठेवली, सलाईनची बाटली टांगली, आणि तिला थोडं थोडं करत दूध पाजलं. आजी खाटेच्या उशाशी बसली होती. तिने पिशवीतून कालनिर्णयाचं फाडलेलं पान काढलं आणि प्रत्येक चमच्याची वेळ लिहिली. अकरा वाजले. बारा वाजले. मुलगी खाटेवर उड्या मारत होती. दोनच्या सुमाराला मी सुई काढली.

आजीने पुन्हा पिशवीत हात घातला आणि डबा काढला. खीर होती.

"आज नको," मी म्हटलं. "उद्या सकाळी, घरी. आणि वेळ लिहा."